दाढेची सूज मुलाच्या चेहऱ्यावर आली की: घरापासून वॉर्डपर्यंत काय करायचं

“सूज आहे तोवर दाढ काढत नाहीत, आधी सूज उतरू द्या.” हॉस्पिटलला उशिरा पोचलेल्या मुलाच्या आईवडिलांना हे कुणीतरी सांगितलेलं असतंच. शेजारच्या काकूंनी, मेडिकलवाल्याने, कधी एखाद्या डॉक्टरनेही. मी लहान मुलांच्या दातांवर उपचार करते. या एका समजुतीपायी मूल घरात कण्हत राहतं, औषधाच्या बाटल्या बदलत राहतात आणि शेवटी एका रात्री धावपळ करत हॉस्पिटल गाठावं लागतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहते. पू ज्या दाढेतून येतोय ती तशीच ठेवून नुसती औषधं देणं म्हणजे पायात काटा ठेवून वरून मलम लावणं. औषधाने वेळ मिळतो, तो वेळ दाढेचा बंदोबस्त करण्यासाठी वापरायचा असतो.

पुढची माहिती नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या पालकांसाठी आहे. निघण्याची घाई असेल तर आधी धोक्याच्या खुणा वाचा, बाकीचं गाडीत वाचता येईल.

आत काय होतं

दुधाच्या दातावरचं कठीण आवरण पातळ असतं आणि आतली नस त्या मानाने मोठी असते. त्यामुळे कीड नसेपर्यंत लवकर पोचते. नस मेली की दाताच्या आतला रक्तपुरवठा बंद पडतो, आणि जिथे रक्त जात नाही तिथे पोटातून घेतलेलं औषधही पोचत नाही. जंतू तिथे सुरक्षित राहतात, मुळाच्या टोकाशी पू साठतो, हिरडीवर पुळी येते. पुळी फुटली की ठणका थांबतो आणि घरात सगळे निर्धास्त होतात. पण आजार तिथेच असतो, फक्त पुवाला बाहेर यायला वाट मिळालेली असते. ती वाट बुजली की पू चेहऱ्याच्या मऊ भागात पसरायला लागतो.

वरच्या दाढांचा पू गालात, नाकाच्या बाजूला आणि डोळ्याखाली चढतो. तिथून तो डोळ्याच्या खोबणीत आणि क्वचित मेंदूकडे जाणाऱ्या शिरांपर्यंत पोचू शकतो. खालच्या दाढांचा पू जबड्याखाली, जिभेखाली आणि गळ्याकडे उतरतो, तिथे धोका श्वासाला असतो. लहान मुलाची श्वासनळी मुळातच अरुंद, त्यात तापाने आणि दुखण्याने पाणी पिणं बंद, म्हणून मोठ्या माणसाला जे व्हायला दोन दिवस लागतात ते मुलाला एका रात्रीत होऊ शकतं.

वरची दाढ काढली की डोळे अधू होतात, असं आजही अनेक घरांत मानतात. दाढ काढल्याने नजर जात नाही. पू भरलेली वरची दाढ न काढल्याने मात्र डोळा धोक्यात येऊ शकतो.

गालफुगी आहे की दाढ?

गाल सुजला की पहिला शब्द निघतो तो गालफुगी किंवा गालगुंड. दोन्हींतला फरक घरी बराचसा ओळखता येतो. गालफुगीची सूज कानाच्या पुढे आणि खाली असते, कानाची पाळी वर उचलल्यासारखी दिसते, पुष्कळदा एका बाजूनंतर दुसरी बाजूही सुजते, आणि हिरडी स्वच्छ असते. दाढेची सूज एकाच बाजूला असते. ती गालाच्या मधोमध, डोळ्याखाली किंवा जबड्याच्या कडेला येते, आणि तोंडात त्याच बाजूला काळी, खड्डा पडलेली किंवा पूर्वी भरलेली दाढ सापडते.

मुलाला खिडकीजवळ बसवून मोबाइलच्या टॉर्चने तोंडात बघा. किडलेली दाढ कुठली, तिच्या हिरडीवर पुळी आहे का, जिभेखालची जागा फुगून वर आली आहे का. मग मुलाला स्वतःचीच तीन बोटं, मधली तिन्ही एकावर एक धरून, समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. एरवी ती जातात. जेमतेम एकच बोट जात असेल तर सूज जबड्याच्या स्नायूंपर्यंत पोचली असं धरा. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे किती सरकली हे नंतर समजावं म्हणून चेहऱ्याचा समोरून एक फोटो काढून ठेवा. डॉक्टरांना त्या फोटोचा फार उपयोग होतो.

या खुणा दिसल्या तर लगेच निघा

- डोळ्याची पापणी सुजून डोळा मिटायला लागला, डोळा हलवताना दुखतं, बुबुळ पुढे आल्यासारखं वाटतं किंवा दोन-दोन दिसतं
- तोंड उघडत नाही, लाळ गिळता येत नाही, लाळ बाहेर गळते
- आवाज घोगरा किंवा तोंडात काही धरून बोलल्यासारखा झाला
- जिभेखाली किंवा हनुवटीखाली दोन्ही बाजूंना टणक सूज आली
- श्वासाला आवाज येतो, मूल आडवं व्हायला तयार नाही, पुढे वाकून बसून राहतं
- ताप उतरत नाही आणि मूल मलूल आहे, हाक मारली तरी नीट बघत नाही
- सात-आठ तासांत लघवी झालेली नाही
- मान ताठ, जोरात डोकेदुखी, वारंवार उलटी

यातली एक खूण पुरेशी आहे. सकाळ होण्याची किंवा घरातलं मोठं माणूस मळ्यातून परत येण्याची वाट पाहू नका. मुलाला जन्मजात हृदयदोष, मधुमेह, रक्ताचा कर्करोग किंवा किडनीचा आजार असेल, किंवा स्टेरॉइड चालू असतील, तर सूज लहान असली तरी हाच नियम.

सूज आहे पण वरच्या खुणांपैकी काहीच नाही, मूल खेळतंय, पाणी पितंय, तर त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांकडे जा. नुसती पुळी असेल तर एक-दोन दिवसांत. एवढ्यावर काम झालं तर पुढची पायरी बहुतेक वेळा येत नाही.

निघण्याआधी घरी काय द्यायचं, काय नाही

पॅरासिटामॉल देता येतं. मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते: दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. घोळ होतो तो बाटलीत. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप मिळतं, २५० मिलिग्रॅमचंही मिळतं, आणि ड्रॉप्समध्ये एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅम असतात. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम हवेत. म्हणजे पहिल्या बाटलीचे साडेसात मिलिलिटर, दुसरीचे फक्त ३.६ आणि ड्रॉप्सचे १.८. “एक झाकण दिलं” यावरून कुणालाच काही कळत नाही. बाटली बरोबर घेऊन या.

ॲस्पिरिन मुलांना कधीच नको, ना पोटातून ना हिरडीवर ठेवायला. पावसाळ्यात आणि नंतर डेंग्यूचे दिवस असतात, तेव्हा तापात आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडचं सिरप स्वतःहून देऊ नका. मूल पाणी पीत नसेल तरी ते किडनीला त्रासाचं ठरतं. घरात उरलेलं भावाचं अँटिबायोटिक अर्धं-मुर्धं देऊ नका. दिलं असेल तर लपवू नका, नाव आणि वेळ सांगा. त्यावर कुणी रागावलं तरी चालेल, पण सांगा.

गरम शेक नको. सुईने पुळी फोडणं नको. लवंगतेलाने कोवळ्या हिरडीची साल निघते, मिश्री तर मुलाच्या तोंडात जाताच कामा नये. दातातली कीड बाहेर काढून दाखवतो म्हणणाऱ्याकडे घालवलेला दिवस वाया जातो. आणि हळद-चुन्याचा गरम लेप. द्राक्षाच्या हंगामात निफाडकडच्या एका मळ्यावरून चार वर्षांची मुलगी आली होती, आईवडील छाटणी-खुड्याच्या कामाला सुरगाण्याहून आलेले. गालापासून गळ्यापर्यंत वाळलेला लेप. सिस्टर ओल्या गॉजने तो हळूहळू सोडवत होत्या आणि पोर कळवळत होती, कारण चुन्याने खालची कातडी पोळली होती. लाली कुठपर्यंत पसरली आहे हे कळायला तेवढा वेळ गेला. आजी म्हणत होती, “मॅडम, दुधाचीच दाढ ना, पडूनच जाणार होती.” दुधाच्या मागच्या दाढा पडतात दहा ते बारा वर्षांच्या सुमारास. चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेला अजून सहा-सात वर्षं तोंडात काढायची असतात.

धोक्याच्या खुणा असतील तर निघताना खायला किंवा दूध देऊ नका. भूल देण्याआधी जेवण आणि वरच्या दुधाला साधारण सहा तास, आईच्या दुधाला चार तास आणि साध्या पाण्याला दोन तास झालेले लागतात. रडू नये म्हणून हातात दिलेला बिस्किटाचा पुडा ऑपरेशन पुढे ढकलू शकतो. शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. गिळता येत असेल तर पाण्याचे घोट चालतील.

कुठे जायचं

गंभीर सूज असलेल्या मुलाला तीन माणसं एकाच छताखाली लागतात: बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, आणि ओरल सर्जन (तोंड-जबड्याची शस्त्रक्रिया करणारे) किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ. शिवाय लहान मुलांचा आयसीयू. खासगी ठिकाणी जाणार असाल तर गाडीतूनच फोन करून विचारा: “पाच वर्षांचं मूल आहे, दाढेची सूज गळ्यापर्यंत आली आहे, भूलतज्ज्ञ आणि लहान मुलांचा आयसीयू आत्ता उपलब्ध आहे का?” उत्तर गुळमुळीत आलं तर पुढच्या ठिकाणी फोन करा. रात्री दोन हॉस्पिटलं फिरण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं बोलणं बरं.

शहरात त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, तसंच आडगावचं डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. महापालिकेची बिटको नाशिकरोडला आणि डॉ. झाकिर हुसेन रुग्णालय कथड्यात. इगतपुरी-घोटीकडून येणाऱ्यांना धामणगावचं एसएमबीटी रुग्णालय वाटेत पडतं, मालेगावकरांना तिथलं सामान्य रुग्णालय. पंचवटीतल्या कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. दिवसा, धोक्याची खूण नसलेल्या सुजेसाठी ते उत्तम. मात्र श्वास अडखळणाऱ्या मुलाला रात्री दंत महाविद्यालयाच्या दारात नेऊ नका, कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग, असलेल्या मोठ्या रुग्णालयातच न्या.

पेठ, सुरगाणा, हरसूल, कळवणच्या पाड्यांवरून निघताना १०८ ला फोन करा. त्या रुग्णवाहिकेत डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो. जवळचं ग्रामीण रुग्णालय वाटेत असेल तर तिथे सलाइन आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस सुरू करून पुढे निघणं शहाणपणाचं आहे, आणि तिथल्या डॉक्टरांनी नाशिकला आधी फोन केला तर इथे टीम तयार राहते. घाटात मुलाला आडवं निजवू नका, मांडीवर ताठ बसवा.

बरोबर घ्यायचं: लसीकरणाचं कार्ड, जुने केसपेपर, दिलेल्या औषधांच्या बाटल्या, मुलाचं आणि पालकांचं आधार, रेशनकार्ड. आई किंवा वडील यांपैकी एक जण हवाच, कारण ऑपरेशनची संमती पालकाची लागते. मूल आजी-आजोबांकडे आणि आईवडील कामाला परगावी असतील तर त्यांचा फोन चालू राहील असं बघा आणि त्यांना तिकडून निघायला सांगा. जिवावर बेतलं तर डॉक्टर सहीसाठी थांबून राहत नाहीत, पण एरवी या कारणाने तास जातात.

कॅज्युअल्टीत पहिला तास

आधी दाताकडे कुणी बघणार नाही, आणि ते बरोबर आहे. आधी श्वास, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन, नाडी, ताप. मुलाचं वजन होतं, कारण पुढचं प्रत्येक औषध त्यावर आहे. मूल बसून श्वास घेत असेल तर त्याला तुमच्याच मांडीवर तसंच बसू देतात. कुणी झोपवायचा आग्रह धरला तर सांगा, “आडवं केलं की त्याला दम लागतो.”

मग सलाइनची सुई लागते, रक्त तपासायला जातं: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (अंगात सूज-जंतुसंसर्ग किती हे दाखवणारी तपासणी), साखर, क्षार, ताप जास्त असेल तर कल्चर, म्हणजे जंतू कोणते ते वाढवून बघण्याची तपासणीही. शिरेतून अँटिबायोटिक सुरू होतं. बहुधा ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटसारखं औषध, कधी जोडीला मेट्रोनिडॅझोल, आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर क्लिंडामायसिन. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर गांध्या उठल्या असतील किंवा ओठ-डोळे सुजले असतील तर विचारायची वाट न बघता सांगा.

मूल स्थिर झालं की एक्स-रे किंवा स्कॅन. पूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, त्यासाठी स्थिर उभं राहावं लागतं, लहान मुलांना ते जमत नाही. सूज डोळ्याच्या खोबणीत किंवा गळ्यात गेल्याची शंका असेल तर शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन करतात. सीटीच्या किरणांची भीती पालकांना वाटते, ती रास्तही आहे. पण पू नेमका कुठे साठलाय हे ठाऊक नसताना चिरा देणं जास्त धोक्याचं.

या टप्प्यावर तुम्ही एक प्रश्न विचारायचाच: “दाढेचं काय करणार आणि कधी?” काही मुलांना आधी काही तास सलाइन-औषध देऊन मग ऑपरेशनला घेतात, श्वासाचा धोका असेल तर लगेच. दोन्ही योग्य असू शकतं. “पाच दिवस इंजेक्शन घ्या, मग बाहेर दातवाल्याला दाखवा,” हे उत्तर मात्र स्वीकारू नका. ओरल सर्जनला बोलवायची विनंती करा.

भूल आणि ऑपरेशन

इंजेक्शनने फक्त हिरडी बधिर करून का भागत नाही, असं विचारलं जातं. पू असलेल्या जागेत ते औषध नीट चढत नाही, तोंड उघडत नाही, आणि वेदनेने घाबरलेल्या मुलाला चार जणांनी धरून ठेवणं अमानुष आहे. म्हणून पूर्ण भूल.

भूलतज्ज्ञांचं खरं काम असतं श्वासनलिकेत नळी घालण्याचं. सुजेने वाट वाकडी झालेली असते, तोंड उघडेल याची खात्री नसते. म्हणून ते कॅमेऱ्याची नळी, लहान मापाच्या नळ्या, आणि अगदी शेवटचा उपाय म्हणून गळ्यातून वाट करण्याची तयारीही ठेवतात. संमतीपत्रात हे सगळं लिहिलेलं वाचून आईवडिलांचे हात थरथरतात. तयारी आहे याचा अर्थ ते होणारच असा नाही. प्रत्येक ओळ विचारून घ्या, मराठीत समजावून मागा.

आत दुधाची दाढ काढून टाकतात. कायमची दाढ असेल आणि वाचण्यासारखी असेल तर पू काढून नंतर रूट कॅनलचा विचार होतो. साठलेल्या पुवाला चिरा देतात, शक्यतो तोंडाच्या आतून, गळ्याकडची सूज असेल तर जबड्याखाली बाहेरून. पुवाचा नमुना कल्चरला जातो. त्या चिरेत रबराची छोटी पट्टी एका टाक्याने अडकवतात, म्हणजे उरलेला पू वाहत राहतो. जखम मुद्दाम शिवलेली नसते. बाकी किडलेले दात त्याच भुलेत करायचे का, हे आधी विचारा. मूल फार आजारी असेल तर डॉक्टर फक्त दोषी दाढ काढतील.

ऑपरेशननंतर काही मुलांची श्वासनलिकेतली नळी लगेच काढत नाहीत. सूज ओसरेपर्यंत त्यांना आयसीयूत झोपेच्या औषधावर, व्हेंटिलेटरवर ठेवतात. काचेतून ते पाहून आईच्या पोटात गोळा येतो, मूल हातचं गेलं असंच वाटतं. बहुतेक वेळा ते श्वासाची वाट राखून ठेवण्यासाठी असतं. नळी कधी काढणार, ते रोज सकाळी विचारा.

वॉर्डात

सिस्टर लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढतात. ती पुसू नका. लाली रेघेच्या आत सरकली तर गाडी रुळावर आहे, बाहेर गेली तर रात्री दोन वाजतासुद्धा सिस्टरना उठवा. पहिल्या दिवशी ऑपरेशनची म्हणून सूज थोडी वाढल्यासारखी दिसते. पण दोन दिवसांत ताप आणि सूज उतरणीला लागली नाही तर औषध बदलायचं की पुन्हा स्कॅन करायचा याचा निर्णय डॉक्टर घेतात.

डोक्याकडची बाजू उंच ठेवा. परवानगी मिळाली की पेज, मऊ खिचडी, वरणाचं पाणी, थंड ताक. चमच्याने, स्ट्रॉने नाही, कारण ओढण्याने दाढेच्या जागेची रक्ताची गुठळी निघते. रबराची पट्टी साधारण दोन-तीन दिवसांत निघते, ती स्वतः ओढू नका. वास येतो, उशी डागाळते, हे अपेक्षित आहे. लघवी किती वेळा झाली ते लक्षात ठेवा, राउंडला विचारतात.

खर्चाचं थोडक्यात: राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. खासगी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे का, हे दाखल होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, विचारा आणि कोणता उपचार त्यात बसतो ते कागदावर बघून घ्या. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नसतो.

घरी आल्यावर

एक पूर्ण दिवस ताप नाही, मूल खातंय-पितंय, तोंड उघडतंय आणि औषध पोटातून घेता येतंय, तेव्हा घरी सोडतात. गालात टणक गाठ आठवडा-दोन आठवडे लागू शकते, ती हळूहळू विरते. औषधाचा कोर्स पूर्ण करा. तोंड कमी उघडत असेल तर सांगितलेला व्यायाम दिवसातून चार-पाच वेळा करून घ्या. ताप परत आला, सूज वाढली किंवा लाळ गळायला लागली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

काढलेल्या दाढेच्या जागी बाजूचे दात सरकतात. विशेषतः दुधाची शेवटची दाढ सहा वर्षांआधी गेली तर मागून येणारी कायमची दाढ पुढे घुसते आणि पुढे येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. त्यासाठी जागा राखणारी छोटी तार बसवतात, तिच्याबद्दल पहिल्या फेरतपासणीतच विचारा. त्या दाढेखालून येणाऱ्या कायमच्या दातावर कधी पिवळट डाग किंवा खडबडीतपणा दिसतो, तो त्या जुन्या पुवामुळे असतो.

ज्या तोंडात एक दाढ एवढी बिघडली त्यात आणखी दोन-चार किडलेल्या असतातच. डिस्चार्जनंतर महिन्याभरात त्या भरून किंवा काढून घ्या, आणि धाकट्या भावंडालाही दाखवा. गावात असाल तर अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, दातांचे आजारही त्यात धरलेले आहेत. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना पथकाची तारीख विचारून त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं आणि साखरेच्या चहात बुडवलेला टोस्ट या दोन गोष्टी आजपासून बंद करता येतात. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी, सकाळी आणि रात्री झोपताना, आणि ब्रश मोठ्या माणसाच्या हातात.

सहाव्या वर्षी, दुधाचा एकही दात न पडता, सगळ्यात मागे चार नव्या दाढा येतात. त्या कायमच्या असतात, पण पुष्कळ घरांत त्या दुधाच्याच समजल्या जातात. मूल पहिलीत गेलं की टॉर्च घेऊन त्या आल्या का ते बघा, आणि त्यांच्यावरच्या खाचा भरून घ्यायला दातांच्या डॉक्टरांची वेळ घ्या.